घर दूषित झालं, मग बाहेर कोणी जायचं?

(शहरी वस्त्यांमध्ये काम करणाऱ्या महिला गटांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा हा मजकूर आहे. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



मला विषय दिला आहे 'अंमली पदार्थ आणि स्त्रिया'. या विषयावर आपण एरवी खूप बोलतो. व्यसनी नवरा, घरातली मारहाण, विकलेली भांडी, कॉलेजातून नाव काढलेला मुलगा. ते सगळं खरं आहे आणि त्यावर तुम्हीच माझ्यापेक्षा जास्त सांगू शकाल. मी आज एका खोलीबद्दल बोलणार आहे. दहा बाय बाराची खोली, वर पत्रा, बाहेरून लोखंडी जिना.

ही खोली आमच्या कामाच्या वस्तीतल्या एका बाईची. चार घरी धुणीभांडी करते. नवरा वारलेला. खाली ती, तिची मुलगी आणि मुलीची दोन लहान लेकरं राहतात. वरची खोली तिनं भिशीच्या पैशातून बांधली आणि भाड्यानं दिली. एका ओळखीच्या एजंटानं दोन तरुण आणून दिले. डिपॉझिट रोख, भाडं वेळेवर, करारबिरार काही नाही. वस्तीत करार कोण करतं?

दोनेक महिन्यांनी वास यायला लागला. कधी नेलपॉलिशसारखा, कधी सडक्या माशासारखा. पोरं रात्री खोकायची, डोळे चुरचुरायचे. मोरीच्या कडेचं सिमेंट फुगलं. तिनं विचारलं तर मुलं म्हणाली, "मावशी, परफ्यूमचं काम आहे." ती गप्प बसली. भाडं वेळेवर येत होतं, हेही तिनं मला नंतर प्रामाणिकपणे सांगितलं.

मग एका पहाटे पोलीस आले. वर एम.डी., म्हणजे मेफेड्रोन, बनवायचं सामान निघालं. कॅन, ड्रम, काचेची भांडी, एक्झॉस्ट पंखा. माल जप्त झाला, पंचनामा झाला, खोलीला सील लागलं. या बाईला पाच वेळा ठाण्यात बोलावलं. तिच्यावर गुन्हा दाखल झाला नाही, ते नशीब. पुष्कळ महिन्यांनी सील निघालं. तेव्हा ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "ताई, वरच्या खोलीत आता लेकरं झोपवू का?"

मी समाजकार्यात एम.ए. केलंय. कोर्टाची, दवाखान्याची, रेशनची कामं मला येतात. या प्रश्नाचं उत्तर मला येत नव्हतं. पण येत नाही असं म्हणायची मला लाज वाटली. मी म्हटलं, "मावशी, फिनेलनं धुवा, चुना मारा, दोन दिवस दारं उघडी ठेवा, काही होत नाही."

मावशी आणि तिच्या मुलीनं उघड्या हातांनी ती खोली घासली. मुलीच्या हातांची कातडी सोलली. तिथं पडलेली एक जुनी गादी होती, ती चांगली दिसली म्हणून उन्हात टाकून त्यांनी लेकरांना वापरायला घेतली. हे मी सांगितल्यामुळे झालं. म्हणून आज हा विषय मी निवडला आहे.

यानंतर मी वाचायला लागले, दोघा डॉक्टरांना भेटले, रसायनशास्त्र शिकवणाऱ्या एका बाईंना भेटले. जे समजलं ते साध्या शब्दांत सांगते.

पहिली गोष्ट. असा कारखाना म्हणजे फक्त नशेचा माल नव्हे. त्यात आम्लं असतात, पेट घेणारी द्रावणं असतात, श्वासावाटे फुफ्फुसं जाळणारे वायू असतात. माल पोलीस घेऊन जातात. जे वाफेतून उडालं ते भिंतीत, पत्र्यावर, पंख्याच्या पात्यांवर, कपड्यांत, गादीत बसून राहतं. जे ओतलं ते मोरीतून गटारात आणि जमिनीत जातं. मेथ नावाचा जो पदार्थ आहे, त्याच्या एक किलो मालामागे पाच ते सहा किलो विषारी कचरा उरतो असा अंदाज दिला जातो. घरांवरचा अभ्यास जगात मुख्यतः या मेथबद्दल झाला आहे. एम.डी. वेगळं आहे, पण तेही आम्लं आणि द्रावणं वापरूनच बनतं, म्हणून काळजी तीच घ्यायची.

हे फक्त आडबाजूच्या कारखान्यांत चालतं असं समजू नका. २०२३च्या ऑक्टोबरमध्ये नाशिकजवळच्या शिंदे गावात, २०२४च्या फेब्रुवारीत पुणे जिल्ह्यातल्या कुरकुंभ औद्योगिक वसाहतीत एम.डी.चे कारखाने पकडले गेले, ते आपण पेपरात वाचलं. पण २०२३च्याच मे महिन्यात ग्रेटर नोएडात भाड्यानं घेतलेल्या राहत्या घरात मेथ बनवणं चाललेलं सापडलं. भाड्याचं घर सोयीचं असतं, कारण पकडलं गेलं तर घर दुसऱ्याचं असतं.

आता आपल्या कायद्यात काय आहे? अंमली पदार्थांचा मुख्य कायदा १९८५चा, ज्याला आपण एन.डी.पी.एस. म्हणतो. मेफेड्रोन त्याच्या यादीत २०१५ साली आलं. माल कसा जप्त करायचा, त्याचा नाश कसा करायचा, गुन्ह्यातून मिळवलेली मालमत्ता सरकारजमा कशी करायची, हे सगळं त्यात आहे. पण ज्या घरात माल बनला ते घर पुन्हा राहण्याजोगं कोणी करायचं, कोणाच्या खर्चानं, हे त्यात नाही. किती अंश उरला तर घर सुरक्षित समजायचं, याचा आकडाही आपल्याकडे ठरलेला नाही. पोलिसांचं काम सील काढलं की संपतं. त्यानंतरचं काम बाईच्या अंगावर पडतं. खोली घासायची तिनं, मालकानं कोणाला पैसे देऊन घासून घेतली तरी ती तीनशे रुपयांवर आलेली बाईच असते, आणि गटार उपसायला उतरतो तो सफाई कामगार. त्यांना कोणी सांगत नाही की इथं काय होतं.

आपल्याकडे आकडा नाही म्हणून मी बाहेरच्या देशांत तो कसा ठरला ते शोधलं. दोन गोष्टी सापडल्या. त्या एकमेकींच्या उलट आहेत आणि दोन्ही आपल्या उपयोगाच्या आहेत.

पहिली ऑस्ट्रेलियातली. व्हिक्टोरिया राज्यात एक कुटुंब, आईबाप आणि मुलं, एका घरात राहायला गेलं. त्या घरात आधी मेथ बनवलं जात होतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. मुलांच्या तब्येती बिघडल्या, श्वासाचा त्रास, झोप नाही, वागणं बदललं. २०१५ साली तपासणी झाली तेव्हा घरात मेथचे अंश होतेच, पण मुलांच्या केसांतही ते सापडले. कारखाना बंद होऊन बराच काळ लोटला होता. म्हणजे माझं "काही होत नाही" हे साफ चूक होतं. लहान मूल जमिनीवर रांगतं, हात तोंडात घालतं, गादी चोखतं. मोठ्या माणसापेक्षा त्याच्या पोटात जास्त जातं.

दुसरी गोष्ट न्यूझीलंडची. ती ऐकताना मला आपल्या वस्त्या दिसत होत्या.

तिथं गरिबांना सरकार घरं भाड्यानं देतं. माओरी आणि पॅसिफिक बेटांवरून आलेली कुटुंबं त्यात मोठ्या प्रमाणात आहेत, मुलांना घेऊन एकट्या राहणाऱ्या बायकाही खूप. ही घरं तेव्हा 'हाउसिंग न्यूझीलंड' या सरकारी संस्थेकडे होती. २०१० साली तिथल्या आरोग्य मंत्रालयानं एक आकडा दिला. शंभर चौरस सेंटिमीटर, म्हणजे साधारण तळहाताएवढ्या जागेवर अर्ध्या मायक्रोग्रॅमहून जास्त मेथ असू नये. मायक्रोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा दहा लाखावा भाग. हा आकडा होता, जिथं मेथ बनवलं जात होतं त्या घरांसाठी. साफसफाई पुरेशी झाली की नाही हे बघायला.

पण तो सगळ्याच घरांना लावला गेला. कोणी बनवलेलं नाही, कोणीतरी कधीतरी नुसतं ओढलेलं, अशा घरांनाही. घरं तपासणाऱ्या खाजगी कंपन्या निघाल्या. भिंतीवर अंश सापडला की भाडेकरू बाहेर. आधीच्या भाडेकरूनं ओढलं असेल, भावानं, नवऱ्यानं ओढलं असेल, हे कोण बघणार? पुष्कळ घरांची हे भाडेकरू येण्याआधी तपासणीच झालेली नव्हती, म्हणजे अंश कोणाच्या काळातला हे सांगता येत नव्हतं. तरी साफसफाईची बिलं त्यांच्यावर लागली आणि पुढं सरकारी घर मिळायची वाटही काही काळ बंद झाली.

२०१८च्या मे महिन्यात पंतप्रधानांचे मुख्य विज्ञान सल्लागार सर पीटर ग्लकमन यांचा अहवाल आला. त्यांनी जगभरचे अभ्यास पाहिले. कोणी मेथ ओढलेल्या घरात नंतर नुसतं राहिल्यामुळे माणूस आजारी पडल्याचा पुरावा त्यांना सापडला नाही. त्यांनी सुचवलं की जिथं बनवल्याचा किंवा फार मोठ्या प्रमाणात ओढल्याचा संशय असेल तिथंच तपासणी करावी, आणि साफसफाईची पातळी पंधरा मायक्रोग्रॅम धरावी. म्हणजे आधीच्या आकड्याच्या तीस पट.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये हाउसिंग न्यूझीलंडनं स्वतःचा अहवाल दिला. २०१३ ते २०१८ या काळात सुमारे आठशे भाडेकरूंची घरं गेली होती. घरातली सगळी माणसं धरली तर सुमारे चोवीसशे. संस्थेनं माफी मागितली आणि नुकसानभरपाई देऊ केली. तपासणी आणि साफसफाईवर दहा कोटी न्यूझीलंड डॉलरहून जास्त खर्च झाला होता. इतके पैसे खर्च करून माणसं रस्त्यावर आणली, आणि बहुतेक घरांत विषाचा धोका नव्हता.

या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की काय दिसतं? एका ठिकाणी घर विषारी होतं आणि कोणी सांगितलं नाही, म्हणून मुलांनी भोगलं. दुसऱ्या ठिकाणी घर तसं विषारी नव्हतं, पण विषारी ठरवून माणसांना हाकललं, त्यातही मुलांनीच भोगलं. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारायचा: या खोलीत काय झालं होतं? माल बनवला होता, की नुसता ठेवला, विकला किंवा ओढला होता? आपल्या वस्तीत हा फरक कोणीच करत नाही. नवरा एम.डी. घेताना सापडला की "या घरात ड्रग्ज आहे" म्हणून बायकोचं सामान बाहेर. घरमालक, सोसायटी, कधी आपलंच महिला मंडळ. होय, आपलं मंडळसुद्धा. "वस्ती स्वच्छ करा" अशी घोषणा देत आपण एखादीच्या दारात मोर्चा नेतो, तेव्हा आत कोण आहे हे विचारायचं राहून जातं.

आता कामाचं बोलू. लिहून घ्या.

वास, सतत बंद खिडक्या, रात्रंदिवस चालणारा पंखा, कॅनची ये-जा, मोरीत रंगीत पाणी, असं दिसलं तर स्वतः आत जाऊन बघायचं नाही. वास घेऊन ओळखायचं नाही, कॅनला हात लावायचा नाही. दिव्याचं बटणही दाबायचं नाही, ठिणगीनं पेट घेतो. मुलांना लांब न्यायचं आणि ११२ला फोन करायचा. नाव न सांगता खबर द्यायची असेल तर १९३३ ही अंमली पदार्थांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन २०२४पासून आहे. खबर कोणी दिली हे सांगायची सक्ती पोलिसांवर करता येत नाही, असं याच कायद्याचं कलम ६८ सांगतं.

खोली भाड्यानं देणाऱ्या बायकांनी कलम २५ लक्षात ठेवा. आपली जागा या कामाला जाणूनबुजून वापरू दिली तर मालकालाही शिक्षा आहे. 'जाणूनबुजून' हा शब्द आहे म्हणून निर्धास्त राहू नका. कलम ३५ प्रमाणे खटल्यात मनातला हेतू होताच असं गृहीत धरलं जातं, नव्हता हे आरोपीला सिद्ध करावं लागतं. म्हणून कागद हवा. लेखी करार करा, भाडेकरूची माहिती ठाण्यात द्या, वासाबद्दल तक्रार केली तर पोच घ्या. एजंटाच्या तोंडी शब्दावर खोली देऊ नका. घरात झडती आली तर बाईच्या अंगाची झडती बाईच घेईल, हे कलम ५० मध्ये आहे. तसा आग्रह धरा.

सील निघाल्यावर घाई करू नका. कोणती रसायनं सापडली हे पंचनाम्यात असतं, ते लेखी मागा. महापालिकेच्या आरोग्य विभागाला आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला अर्ज द्या. मोरी, गटार, जवळ विहीर किंवा बोअर असेल तर तिचं पाणी, यांची तपासणी मागा. माल खरोखर बनवला गेला असेल तर साफसफाई माहितगार माणसानं करायची. आपल्याकडे तशी सोय सहज मिळत नाही, म्हणून निदान एवढं पाळा. खोली कित्येक दिवस वाऱ्याला उघडी ठेवा, तिथं कोणी झोपायचं नाही. गादी, उशी, गोधडी, सतरंजी, पडदे, लहान मुलांची खेळणी, जे जे शोषून घेतं ते टाकून द्या, कितीही चांगलं दिसलं तरी. भंगारवाल्याला विकू नका, दुसऱ्या गरिबाच्या घरात जाईल. सुकं झाडू नका, धूळ उडते. रबरी हातमोजे, तोंडाला मास्क, अंगभर कपडे घालून भिंती, छत, फरशी साबणाच्या पाण्यानं धुवा आणि स्वच्छ पाण्यानं पुसा. असं दोनतीनदा करा, दरवेळी फडकं आणि पाणी बदला. संडासचं ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नका, त्यातून विषारी वायू निघतो. रंग किंवा चुना हा धुण्याच्या नंतरचा भाग आहे, धुण्याच्या बदल्यात नव्हे. गरोदर बाईनं आणि मुलांनी या कामात यायचंच नाही. डोळे, श्वास, कातडी यांचा त्रास झाला तर दवाखान्यात खोलीबद्दल स्पष्ट सांगा. लाजेनं लपवलं तर डॉक्टर खोकल्याचं औषध देऊन घरी पाठवतील.

आणि जिथं कोणी नुसतं ओढलं असेल तिथं साबणपाण्यानं घर नीट धुवा, कपडे-अंथरुणं धुवा आणि राहा. घर सोडायचं कारण नाही.

घरातून काढायला कोणी आलं तर? घरमालकाला कोर्टाच्या हुकमाशिवाय भाडेकरूचं सामान बाहेर टाकता येत नाही, वीज-पाणी तोडता येत नाही. नवरा तुरुंगात गेला म्हणून सासरचे हाकलत असतील तर २००५च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यात बाईला सामाईक घरात राहण्याचा हक्क आहे. बाईला मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. १५१०० या नंबरवर विचारा.

एवढं सगळं आपणच करायचं का, असं तुमच्या मनात आलं असेल. नाही. म्हणून संघटना म्हणून आपण मागण्या करायला हव्यात. राहत्या जागेत असा कारखाना सापडला की पोलिसांनी महापालिकेला लेखी कळवणं सक्तीचं असावं. शेजाऱ्यांना आणि सफाई कामगारांना तिथं काय होतं ते सांगितलं जावं. साफसफाई सरकारनं करावी आणि गुन्हेगारांच्या जप्त मालमत्तेतून तो खर्च काढावा. घर कधी राहण्याजोगं, याचा आकडा आरोग्य खात्यानं ठरवावा, आणि न्यूझीलंडची चूक टाळून बनवलेल्या आणि ओढलेल्या घरांत फरक करावा. साफसफाई होईपर्यंत आतल्या बाईला आणि मुलांना दुसरीकडे राहायची सोय द्यावी, आणि नंतर त्याच घरी परत येऊ द्यावं.

शेवटी मावशीबद्दल सांगते, कारण तुम्ही विचाराल. ती गादी आम्ही टाकून दिली. खोली दुसऱ्यांदा धुतली, या वेळी हातमोजे घालून, आणि त्यात मीही होते. मुलीच्या हातांना औषध मिळालं. पाण्याच्या तपासणीचा अर्ज दिला आहे. त्याची पोच आहे, उत्तर नाही. वरची खोली रिकामी आहे. भाडं नाही, म्हणून मावशीनं आणखी एक घर धरलंय कामाला.

मी तिला सांगितलं, "मावशी, त्या दिवशी मला माहीत नव्हतं आणि मी माहीत असल्यासारखं बोलले." ती म्हणाली, "मग आता इतर बायकांना नीट सांगा." म्हणून सांगितलं.